बावीस प्रतिज्ञांची फ्रेम: पाचपैकी तीन तारे

बाबासाहेबांनी धर्मांतरावेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची ही फ्रेम गेल्या दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीबाहेरच्या एका स्टॉलवरून घेतली. अठरा बाय चोवीस, साडेतीनशे रुपये. घासाघीस केली नाही. त्याच सकाळी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. हात सैल होता.

छपाई झकास. चष्म्याशिवाय वाचता येतं. काच म्हणून दिली ती निघाली अ‍ॅक्रिलिक, पण परतीच्या गाडीत पायाखाली ठेवावी लागली तेव्हा तेच बरं झालं. मागची कडी पंधरा दिवसांत निखळली.

खरा घोळ उजव्या पट्टीचा. ती इतकी आत बसवलीय की लांब ओळींचे शेवटचे शब्द तिच्याखाली गेलेत. नात नुकती वाचायला शिकलीय. तिने सहावी प्रतिज्ञा मोठ्याने वाचली, "मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार." पुढचं 'नाही' पट्टीखाली! दादा समोरच चहा पीत होता. म्हणाला, "बघ, फ्रेमवाल्यालाही तुझा भरवसा नाही."

दादाचं म्हणणं, जन्मभर खंडोबाची तळी उचललेल्या माणसाने पन्नाशीनंतर धर्म बदलला तर ते सोंगच. मी म्हटलं, हिंदू म्हणून मरणार नाही हे बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केलं 1935 साली आणि दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. एकवीस वर्षं विचार केला. जन्मताच मिळालेल्या धर्माचा तू किती दिवस विचार केलास? दादाने बशी खाली ठेवली, बोलला काहीच नाही.

तसं पाहिलं तर पहिल्या पाच प्रतिज्ञा मला सोप्या गेल्या. देव आधीच सुटले होते. सतराव्या, दारूच्या, प्रतिज्ञेला मात्र घाम फुटला. आणि भाद्रपदात आईची तिथी आली तेव्हा सहावीला. दादाने बोलावलं. गेलो. पिंडाला हात लावला नाही, पण पानावर बसलो, दोन वडे जास्तच खाल्ले. आईच्या हातची चव वहिनीलाच जमते. एवढ्याने प्रतिज्ञा मोडली का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

फ्रेम घ्यायची तर स्टॉलवरच शेवटचे शब्द वाचून घ्या. मी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडून पट्टी बदलून घेतली, एकशे ऐंशी रुपये लागले. आता 'नाही' पूर्ण दिसतं.