दोन बाटल्यांचा संच: दारूच्या रिलॅप्सवरच्या (सोडल्यावर पुन्हा पिऊ लागण्यावरच्या) औषधाची उंदरांमधली चाचणी यावर होते का?

होते, पण बाटल्यांचं वजन करायला काटा कधी वापरता यावर सगळं अवलंबून आहे.

संच साधा आहे: उंदराच्या पिंजऱ्यावर दोन बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत २० टक्के इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल), दोन्हींना टोकाशी छर्रा (छोटी गोळी) असलेली स्टीलची नळी. साध्या उघड्या नळीपेक्षा ही खूपच कमी गळते. तरी बाटली गच्च भरा. अर्धी रिकामी राहिली की आतली हवा खोलीच्या उबेने फुगते आणि थेंब पडत राहतात. ४०० ग्रॅमच्या उंदरात १ मिली गळती म्हणजे हिशेबात जवळपास ०.४ ग्रॅम प्रति किलो खोटी दारू. म्हणून एक रिकामा पिंजरा तशाच बाटल्या लावून शेजारी ठेवायचा आणि तिथली गळती वजा करायची.

छर्ऱ्याचा दोष वेगळाच. सुरुवातीला साखर घालून दारूची सवय लावली असेल, तर तो चिकटून अडकतो. उंदीर कमी पितो आणि श्रेय औषधाला जातं! रोज बोटाने छर्रा हलवून बघा. बाटल्यांच्या जागाही रोज बदला. बऱ्याच उंदरांना एकच बाजू आवडते.

रिलॅप्सचं नेहमीचं मॉडेल: साधारण आठ आठवडे दारू खुली, दोन आठवडे बंद, मग परत खुली. परतीनंतर पिणं एकदम उसळतं, आणि ही उसळी सुरुवातीच्या तासांत सर्वांत तीव्र असते. नाल्ट्रेक्सोन या दारूच्या व्यसनावरच्या औषधाच्या एका इंजेक्शनचा असरही उंदरात काही तासांचाच. अशा वेळी फक्त २४ तासांनी बाटल्यांचं वजन घेतलंत तर चांगलं औषधही निकामी दिसेल. अर्धा तास, दोन तास, २४ तास, असं तीनदा वजन घ्या. अकॅम्प्रोसेट हे दुसरं औषध सलग काही दिवस द्यायचं असल्याने तिथे रोजचं वजनही उपयोगी पडतं.

पाणी आणि खाणंही मोजाच. तेही घटलं असेल तर उंदीर बहुधा सुस्त किंवा आजारी आहे, दारूची ओढ कमी झालेली नाही.

उंदीर किती वेळा आणि किती लांब घोट घेतो हे हवं असेल तर हा संच पुरणार नाही. त्यासाठी चाटणं मोजणारं यंत्र लागेल, आणि ओल्या भुश्यामुळे ते खोटी मोजणी करतं. नुसतं किती प्यायला एवढंच पाहायचं तर पैसे यंत्रापेक्षा ०.१ ग्रॅमच्या काट्यावर घाला.

इथेनॉल शुद्धच घ्या. डिनेचर्ड स्पिरिट (पिण्याजोगं राहू नये म्हणून इतर पदार्थ मिसळलेलं) अजिबात नको. महाराष्ट्रात शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि प्रयोग सुरू करण्याआधी प्राणी नैतिकता समितीची मंजुरी.