टॉवेल कारखान्याला सॉफ्टवेअर: टॅलीच वाढवायची, ईआरपी आणायचं की गावातल्या पोराकडून बनवून घ्यायचं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सध्या ज्याला त्याला ईआरपी पाहिजे, म्हणजे खरेदी, उत्पादन, स्टॉक, खाती सगळं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. बायरनं ऑर्डर कुठवर आली विचारलं की मुनीमजी तीन वह्या काढतात, मालक तापतात आणि लगेच डेमोला माणसं बोलावली जातात. डेमोत सगळं भारीच दिसतं हो, डेटा त्यांचा असतो ना. म्हणून फीचरची यादी बाजूला ठेवा, आपला एक लॉट घ्या आणि तोच तिन्हीकडून फिरवून बघा.

समजा ५०० किलो सूत आहे, ३० बाय ६० इंची ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) टॉवेल काढायचाय. नग साधारण ४६५ ग्रॅमचा, म्हणजे कागदावर १०७५ च्या आसपास नग निघायला पाहिजेत. पण वार्पिंगला (उभे धागे बीमवर गुंडाळताना) थोडं जातं, मागावर वेस्टेज निघतं, रंगाईला माल बाहेर जातो तिथं वजन बदलतं, शिलाई तिसरीकडंच, आणि शेवटी चेकिंगमध्ये काही सेकंडला (दुय्यम मालात) पडतात. त्यात सूत मोजायचं किलोत, टॉवेल नगात आणि पॅकिंग डझनात. हातात ९९० आले तर मधले ८५ कुठं गेले, मागानं खाल्ले का रंगाईवाल्याकडं राहिले, हे सांगता आलं पाहिजे. एवढंच बघायचं.

टॅलीचं आधी. बहुतेकांकडं आहेच, मुनीमजींना डोळे झाकून येते, सीएला पण तीच पाहिजे. लोकांना वाटतं टॅलीत फक्त खातेवही, पण जॉबवर्कचं (बाहेरून करून घ्यायच्या कामाचं) मटेरियल आउट-मटेरियल इन, बॅच, एकाच आयटमला किलो आणि नग अशी दोन युनिट, हे सगळं त्यात आहे, कुणी चालू केलेलं नसतं इतकंच. आपला लॉट रंगाईला गेला आणि परत आला इथपर्यंत टॅली नीट दाखवते. पण कुठल्या मागावर, कुठल्या शिफ्टला किती निघाले, हे तिला विचारू नका, ते एक्सेलमध्येच राहणार. दहा-पंधरा माग, एकच रंगाईवाला आणि ठरलेले चार व्यापारी असतील तर खरं सांगतो, यातच भागतंय, उगीच लाखभर घालू नका.

दुसरं रेडीमेड ईआरपी. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, युजरमागं लायसन्स नाही, पण सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याचे पैसे लागतात, फुकट म्हणून कुणी गळ्यात मारलं तर फसू नका. ओडू बेल्जियमचं, त्याची फुकटची आवृत्ती आहे पण पूर्ण अकाउंटिंग पाहिजे तर युजरमागं पैसे. जर्मनीच्या एसॅप (SAP) कंपनीचं बिझनेस वन पार्टनरमार्फत मिळतं, एक्सपोर्ट मोठा असेल आणि आयटीचा माणूस पगारावर असेल तरच. आपला लॉट इथं सगळ्यात चांगला दिसतो, सूत कुठल्या बॅचचं, रंगाईवाल्याकडं किती पडलंय, वर्क ऑर्डर कुठवर, सगळं. जॉबवर्कला पाठवलेला माल जीएसटीत एका वर्षात परत यायला लागतो, त्याची पण नजर राहते. गोची अशी की प्रत्येक पायरीला एंट्री पाहिजे. सुपरवायझर तेलुगू बोलणारा, कामगार मराठी-कन्नड-तेलुगू मिसळून बोलणारे आणि स्क्रीन इंग्रजीत, मग संध्याकाळी मुनीमजी सगळं एकदम भरतात आणि आकडे वहीतलेच राहतात. आणि "आमची पद्धत वेगळी आहे" म्हणून मोडतोड करून घ्यायची सवय. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केटवाल्यांनी तेच केलं, त्यांचा स्टॉक खरेदीच्या भावानं धरायची पद्धत, एसॅपमध्ये विक्रीच्या भावानं, पद्धत सोडली नाही, सिस्टीम बदलत बसले आणि २०१८ मध्ये अंदाजे ५० कोटी युरो घालून प्रोजेक्टच बंद केला. आपण त्यांच्यापुढं कोण?

तिसरं, गावातला डेव्हलपर. त्याला बीम (उभ्या धाग्यांचा रूळ), पिक (आडवा धागा), सेकंड काही समजवावं लागत नाही, स्क्रीन मराठीत देतो, फोन केला की बाईकवर येतो. लॉट पण अगदी आपल्या वहीसारखा दाखवतो. पण पोरगं चांगलं असेल तर पुण्याला जाणार, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. सोर्स कोड आणि पासवर्ड तुमच्या ताब्यात येणार असं लिहून घेतलंय का? आणि कायदा सारखा बदलतो. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतं, प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कुणी कधी काय बदललं याची नोंद) बंद करता न येणारा पाहिजे. हे सगळं एकटा पोरगा कुठवर बघणार. म्हणून त्याच्याकडून फक्त माग आणि शिफ्टचा भाग करून घ्या, बिलं आणि खाती टॅलीतच राहू द्या.

माझं मत विचाराल तर ४०-५० माग, रंगाई-शिलाई बाहेर आणि बायर दूरचे असतील तर ईआरपीनेक्स्टसारखं घ्या, पण पहिल्या वर्षी खाती टॅलीतून हलवू नका.

काहीही घेतलं तरी आयटमची नावं आधी साफ करा, "३०/६० सफेद", "व्हाइट ३०बाय६०" आणि "मोठा पांढरा" हे तीन आयटम नाहीत, एकच टॉवेल आहे, पण सॉफ्टवेअरला कोण सांगणार? हे काम व्हेंडरवर सोडू नका, तुमच्याच घरातला किंवा ऑफिसातला एक माणूस ठरवा आणि दोन महिने त्याची बाकीची कामं कमी करा. वही आणि सॉफ्टवेअर बरोबरीनं चालवायचं ते पण तारीख ठरवूनच, नाहीतर वही सुटत नाही.

चालू कधी करायचं? सीए म्हणणार १ एप्रिल. टॉवेलला चालेल, पण युनिफॉर्म शिवत असाल तर तेव्हाच शाळांच्या ऑर्डरची मारामारी असते, आणि चादरवाल्यांनी दिवाळी ते गड्ड्याची जत्रा (जानेवारीतली) या काळात हात लावू नये. अमेरिकेत हर्शी या चॉकलेटवाल्यांनी १९९९ मध्ये नवीन सिस्टीम जुलैत चालू केली, पुढं हॅलोविनचा सीझन, माल गोदामात असून ऑर्डरी निघाल्या नाहीत. पैसे हप्त्यानं द्या, शेवटचा मोठा हप्ता तो ५०० किलोचा लॉट तुमच्याच माणसानं, व्हेंडर बाजूला नसताना, सुतापासून डझनापर्यंत फिरवून दाखवला की मगच.