अकराशे रुपयांचा मल्टिमीटर, जुन्या गाडीवर आठ महिने वापरून

मीटर घेतला तो चिडून. चिपळूणचा पाऊस, २००७ ची पेट्रोल हॅचबॅक, आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या खाऊन झाल्या होत्या. तिसरीलाही गॅरेजवाल्याने ‘बसली ही, साहेब’ म्हटलं, तेव्हा व्होल्ट आणि करंट मोजणाऱ्या साध्या ऑटोरेंज (मोजायची पट्टी आपोआप निवडणाऱ्या) डिजिटल मल्टिमीटरची ऑर्डर टाकली. तो जूनमध्ये आला, आता फेब्रुवारी चालू आहे.

पहिल्याच दिवशी कळलं की बॅटरी निर्दोष आहे. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला की बॅटरी भरलेली, १२ च्या खाली गेला की जवळजवळ रिकामी. माझी १२.५ दाखवत होती. बायकोला सेल्फ मारायला बसवलं, तर बॅटरीच्या टर्मिनलवर ११.१. म्हणजे बॅटरी दम धरून होती, सेल्फ मात्र कण्हत होता. मधले दीड-दोन व्होल्ट कुठेतरी गळत होते.

इथे मी दोन दिवस वाया घालवले. इंजिनच्या अर्थ पट्टीची (इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या जाड वायरीची) कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का, तपासली, मीटर छान ‘पीं’ वाजला, म्हटलं पट्टी ठीक. चूक तिथेच झाली. वायरचे दहा-बारा तार शिल्लक असले तरी मीटर वाजतो, कारण तपासताना तो जेमतेम चिमूटभर करंट सोडतो. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. म्हणून तपासायचं ते भार असताना. मीटरचा काळा प्रोब (वायरीच्या टोकाची अणकुचीदार सळी) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. पाव व्होल्टच्या आत आकडा राहिला तर ठीक. माझा आला १.८.

पट्टी काढली तर रबराच्या आत, लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी, तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. वरून बघून कोणाला शंका आली नसती. नवीन पट्टी टाकली, बॉडी आणि इंजिनकडची बैठक पॉलिश पेपरने घासली, वर पेट्रोलियम जेली चोपडली. आकडा ०.१ वर आला. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा उगाच वर सरकायचा, तोही बंद झाला. त्यासाठी मी आधीच एक सेन्सर बदलून बसलो होतो!

मग आधीच्या दोन बॅटऱ्या का मेल्या? त्याचं उत्तर ऑगस्टमध्ये मिळालं, गाडी आठवडाभर उभी राहिल्यावर. या वेळी बॅटरी खरोखरच रिकामी होती. चार्ज केली, निगेटिव्ह केबल सोडवली आणि खांब व केबल यांच्या मध्ये मीटर घातला, लाल लीड (मीटरची वायर) १० अँपिअरच्या भोकात. बॉनेट उघडंच, दरवाजाचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलेलं, म्हणजे आतला दिवा विझतो. वीस मिनिटं थांबलो. आकडा ०.३२ अँपिअर. झोपलेल्या गाडीने ०.०५ च्या वर खाऊ नये. हिशेब मांडा: ०.३२ गुणिले २४, दिवसाला साडेसात अँपिअर-अवरहून जास्त. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी खडखडाट.

एकेक फ्यूज उपटत गेलो. स्टिरिओचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज निघाला आणि आकडा ०.०२ वर आला. अँड्रॉइड स्टिरिओ बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनवर टाकली होती. पिवळी कायम चालू असायची, लाल किल्लीबरोबर चालू-बंद व्हायची, एवढाच तर फरक. पडदा काळा दिसायचा, पण आतला बोर्ड रात्रभर जागा. लाल वायर किल्लीच्या लाइनवर सोल्डर करून हलवली, काम अर्ध्या तासाचं.

या मोजणीत एक धडा पैसे देऊन शिकलो. करंट मोजून झाल्यावर लीड १० अँपिअरच्या भोकातच विसरलो आणि व्होल्ट बघायला प्रोब थेट बॅटरीला टेकवले. ठिणगी, प्रोबचं टोक काळं, मीटरमधला फ्यूज गेला. या मीटरला तिथे फ्यूज आहे म्हणून निभावलं. काही स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ (फ्यूज नसलेलं) छापलेलं असतं, ते घेऊ नका. आणि करंटसाठी मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका.

मीटर एकटा पुरत नाही, हे मागच्या ब्रेक लाइटने शिकवलं. होल्डरवर १२.३ व्होल्ट, बल्ब नवा, तरी उजेड नाही. डिकीच्या बिजागरीपाशी रबरी नळीत वायर वाकून वाकून तुटते, तिथे एक-दोन तार उरले होते. बल्ब काढून मोजलं की पूर्ण व्होल्टेज, लावून मोजलं की तीन. तेव्हापासून मीटरबरोबर जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प ठेवतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मीटर आणि लॅम्प दोन्ही लावायचे नाहीत, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींना लॅम्प तर नकोच.

आता मीटरविषयी. आकडे भरवशाचे आहेत, ओळखीच्या वायरमनच्या महागड्या मीटरशी ताडून पाहिले. लीड भिकार. थंडीत ताठ होतात, चौथ्या महिन्यात एकीची आतली वायर मुळाशी तुटली आणि आकडा नाचू लागला. मी अर्धा दिवस गाडीलाच दोष देत होतो. अडीचशे रुपयांच्या सिलिकॉन लीड आणि मगर क्लिपा घेतल्या, हे पैसे सुरुवातीलाच धरा. ऑटोरेंज स्थिरावायला दोन सेकंद घेतो, त्यामुळे सेल्फ मारताना क्षणभर खाली जाणारा व्होल्टेज निसटतो. ‘मिन-मॅक्स’चं (सर्वात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं) बटण असलेला मीटर मिळाला तर चारशे जास्त द्या. बॅकलाइट दहा सेकंदांत विझतो, डॅशबोर्डखाली उताणं पडलेलं असताना त्याचा फार राग येतो.

ड्रायव्हरकडची काच अजून पावसात रेंगाळते. मोटरवर वर जाताना ९.४ व्होल्ट येतात, म्हणजे संशय स्विचवर. पुढच्या रविवारी दाराचं पॅनेल उघडतो.