छोट्या गाडीला सुपरचार्जर बसवायचा, टर्बो बसवायचा, की गाडीच बदलायची?

गाडी छोटी, १२०० ते १६०० सीसीचं पेट्रोल इंजिन, ८० ते ११० हॉर्सपॉवर. बाकी सगळं झकास, पण चार माणसं बसली, एसी लावला आणि ओव्हरटेक करायला गेलं की पाय फ्लोअरला टेकतो आणि गाडी मात्र विचार करत बसते. मग रात्री जागून व्हिडिओ बघितले जातात आणि डोक्यात सुपरचार्जर शिरतो. आमच्याही शिरला होता. मित्राच्या १६०० सीसीच्या हॅचबॅकला बसवला, आणि नंतर कितीतरी रविवार मी शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन रीडिंग बघत काढलेत, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

सुपरचार्जर काय, टर्बो काय, काम एकच, इंजिनात जास्त हवा कोंबायची म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. फरक इतकाच की सुपरचार्जर इंजिनच्याच पुलीवरून बेल्टने फिरतो आणि टर्बो फिरतो बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या जोरावर. कल्पना जुनीच आहे, रूट्स बंधूंचा ब्लोअर १८६० च्या सुमाराचा, गाडीसाठी बनवलेलाच नव्हता तो, आणि मर्सिडीजने १९२१ साली सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या.

सुपरचार्जर म्हटलं की लोक एकच वस्तू समजतात, इथेच पहिली चूक होते. रूट्स किंवा ट्विन स्क्रू प्रकारचा असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतो, त्यामुळे १८००-२००० आरपीएमलाच प्रेशर तयार, पाय दाबला की गाडी निघाली. सेंट्रिफ्युगल दिसायला टर्बोच्या अर्ध्या भागासारखा आणि त्याचं प्रेशर साधारण आरपीएमच्या वर्गाने वाढतं. म्हणजे ६४०० आरपीएमला ७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, टायरला वापरतात तेच) देणारा ३२०० ला पावणेदोनच्या आसपास देणार. ट्रॅफिकमधून निघताना पिकअप हवाय म्हणून पैसे घातले आणि सेंट्रिफ्युगल बसवला तर ताकद मिळते, पण जिथे तुम्ही गाडी कधी नेतच नाही तिथे. आमचं नेमकं हेच झालं, कारण बॉनेटखाली तोच मावत होता! मित्र पहिल्या दिवशी उतरला आणि म्हणाला, अरे आवाज भारीये पण गाडी तीच आहे की.

टर्बोचं उलट गणित. वाया जाणारी ऊर्जा वापरतो त्यामुळे तेवढ्याच प्रेशरला ताकद जास्त आणि पेट्रोल कमी. छोट्या आकाराचा नीट निवडला तर लॅगही, म्हणजे पाय दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर, फारसा जाणवत नाही. पण नंतरून बसवायचा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सरकवा, ऑइलची लाइन आत न्या, परतीची लाइन चेंबरला भोक पाडून जोडा, शिवाय बॉनेटखाली लालबुंद तापणारा लोखंडाचा गोळा आणि शेजारी प्लॅस्टिकचे पाइप आणि वायरिंग. सुपरचार्जरमध्ये एक्झॉस्टला हातच लावावा लागत नाही, हा त्याचा खरा फायदा, लोक याबद्दल फार बोलत नाहीत. त्याच्या वाट्याला बेल्टची कटकट येते. हल्लीच्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतं, त्यामुळे बेल्टवर काम कमी आणि बेल्ट अरुंद. त्यावर ब्लोअर चढवला की घसरतो. आम्हाला कळलं कसं, तर पुलीच्या मागच्या कव्हरवर काळी बारीक भुकटी, बोट फिरवलं की काजळ लागल्यासारखी, आणि लॉगमध्ये ५५०० नंतर प्रेशर चढायच्या ऐवजी खाली. एक जादा आयडलर (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) टाकून बेल्टचा पुलीला वेढा वाढवला तेव्हा थांबलं.

आता उष्णता, हा भाग नीट वाचा. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असेल, ६ पीएसआय प्रेशर आणि साधा रूट्स, तर हिशोबाने हवा ८० च्या पुढे जाऊन इंजिनात शिरते. आजच्या साध्या पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते, आधीच १०.५ ते ११ असतं, त्यात ही गरम हवा, म्हणजे नॉकिंगला, मिश्रण आपोआप भलत्या वेळी पेटण्याला, आमंत्रणच. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बिचारा ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पहिल्या दोन जोरदार धावांत मिळालेली ताकद तिसऱ्या धावेला गायब. म्हणून इंटरकूलर, दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारा रेडिएटर. ‘कमी बूस्ट (जादा दाब) आहे, चालतंय’ म्हणणाऱ्याला एकदा चढावर लॅपटॉप दाखवा, आम्ही इंटरकूलर लावायच्या आधी आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा ५८, ६६, ७४ असा चढताना बघितलाय आणि दोघंही गप्प झालो होतो.

कारखान्यात हे कसं करतात त्यासाठी बीएमडब्ल्यूने काढलेली पहिल्या पिढीची मिनी कूपर बघा. एकच १६०० सीसीचं इंजिन, साध्या कूपरमध्ये ११५ हॉर्सपॉवर, सुपरचार्जरवाल्या कूपर एसमध्ये १६३. पण नुसता ब्लोअर नाही ठेवला वर, कॉम्प्रेशन १०.६ वरून ८.३ वर आणलं, इंटरकूलर दिला. आणि पुढच्या पिढीत त्यांनीच सुपरचार्जर काढून टर्बो घेतला. फोक्सवॅगनने २००५ साली १४०० सीसीच्या गोल्फला दोन्ही लावले होते, खालच्या आरपीएमला सुपरचार्जर आणि ३५०० नंतर क्लचने तो बंद, पुढे एकटा टर्बो, १७० हॉर्सपॉवर. कोण कुठे कामाचा ते यातच दिसतं.

घरी बसवताना कॉम्प्रेशन खाली आणायचं म्हणजे इंजिन उघडून पिस्टन बदलायचे. तसं न करता ५-६ पीएसआयवर थांबायचं, हाच शहाणपणाचा मार्ग. कागदावर ६ पीएसआय म्हणजे ४० टक्के जास्त हवा, पण उष्णता आणि ब्लोअर फिरवायला जाणारे सहा-सात हॉर्सपॉवर वजा करा, २५ ते ३० टक्के हातात आले तर चांगलं समजा. १०० चे १२५-१३०. छोट्या गाडीत हे भरपूर वाटतं, खरंच.

हवेसोबत पेट्रोल नाही वाढलं तर पिस्टन वितळतो, इतकं सरळ आहे. मोठे इंजेक्टर, बहुतेक वेळा पंप, एक पायरी जास्त थंड राहणारे स्पार्क प्लग, आणि सगळ्यात महत्त्वाचं ट्यूनिंग. मूळ गाडीचा मॅप सेन्सर, आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, त्याच्यावर गेलं की त्याच्या लेखी सगळं सारखंच, म्हणजे ईसीयूला बूस्ट दिसतच नाही. सेन्सर बदलून ईसीयूमधला मॅप, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल आणि ठिणगी कधी याचा तक्ता, नव्याने लिहावा लागतो, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) गाडी चढवून, हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून. ‘गाडी आपोआप शिकते’ असं म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. आमची पहिल्यांदा ज्याने ट्यून केली त्याने फुल थ्रॉटलला मिश्रण १३.५ वर (एक भाग पेट्रोलला साडेतेरा भाग हवा) सोडलं होतं, ११.५ ते १२ हवं तिथे. नशीब, लवकर बघितलं.

बूस्ट न घेता काय होतं? एअर फिल्टर, एक्झॉस्ट, रिमॅप मिळून साध्या इंजिनात पाच-सात हॉर्सपॉवर, बाकी नुसता आवाज. पण एक गोष्ट कोणी सुचवत नाही, आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, प्लग, क्लच प्लेट, ब्रेक जाम आहेत का, टायरमध्ये हवा किती. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीची ‘कमी ताकद’ बरेचदा इथेच सापडते. आणि टेस्टमध्ये एक सिलिंडर कमी आला तर सुपरचार्जर विसराच.

हो, आणि ते एअर पाइपमध्ये बसवायचे १२ व्होल्टचे ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’. ६ पीएसआयसाठी साधारण ५ किलोवॅट लागतात, १२ व्होल्टवर ते ४०० अँपिअरच्या वर होतं. ती वायर केवढी जाड लागेल बघा आणि त्या पंख्याची वायर बघा. ऑडीने २०१६ च्या एसक्यू ७ मध्ये खरा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला, तर त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा घातली.

मग घ्यायचं काय? माझ्या मते सगळं एका प्रश्नावर अडतं, तुमच्याच इंजिनसाठी बनवलेला, ब्रॅकेट-बेल्ट-इंटरकूलर-मॅपसकट पूर्ण किट मिळतोय का. मिळत असेल, तो रूट्स किंवा स्क्रू प्रकारचा असेल, इंजिन तंदुरुस्त असेल आणि गाडी मॅन्युअल असेल तर सुपरचार्जर घ्या, रोज चालवायला त्याच्यासारखी मजा टर्बोत नाही. सीव्हीटी (बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर नको, तो गिअरबॉक्स जादा टॉर्क फार सहन करत नाही. किट नसेल आणि कोणी ‘करू की जुगाड’ म्हणत असेल तर गाडी विका आणि त्याच किंवा त्याच्या शेजारच्या मॉडेलची, कंपनीतूनच टर्बो बसवून आलेली घ्या, पिस्टनपासून क्लचपर्यंत सगळं त्या प्रेशरसाठीच बनवलेलं असतं आणि वॉरंटी, इन्शुरन्स, नोंदणीचे प्रश्नच येत नाहीत. बाहेरून बसवताना हे तिन्ही आधी विचारून घ्या, लेखी. नुसतं टर्बो नंतरून बसवणं मी फक्त त्यालाच सांगेन ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे.

मित्राची अजून चालतेय. इंटरकूलर, दुसरा बेल्ट, तिसरा मॅप. परवा विचारलं, परत करशील का, तर म्हणाला करेन, पण ह्या गाडीत नाही, आणि बॉनेट उघडून मला बेल्टवर टॉर्च मारायला लावली.