एएचपी की बेस्ट-वर्स्ट? सप्लाय चेनचं वेटेज काढताना

केपीआय (कामगिरी मोजायचे निकष) सगळ्यांकडे असतात हो, गाडी अडते ती डिलिव्हरीला किती वजन द्यायचं, खर्चाला किती आणि इन्व्हेंटरी टर्न्सला (वर्षात साठा किती वेळा फिरतो) किती यावर. हे वेटेज काढायला मी आधी एएचपी (अॅनालिटिक हायरार्की प्रोसेस, यात प्रत्येक निकषाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीने तुलना करतात) वापरलं, मग बेस्ट-वर्स्ट मेथड.

एएचपी जुनं, थॉमस साटींचं, १९७० च्या दशकातलं. सॉफ्टवेअर भरपूर, वरच्या लोकांना नाव माहीत, आणि स्कोर मॉडेलसारखे (SCOR, सप्लाय चेनचं प्रमाणित मॉडेल) निकष-उपनिकष असतील तर त्यात छान बसतं. हे मान्यच.

पण माझे निकष १० होते म्हणजे ४५ तुलना. त्याही भरून घेतल्या, खरा वैताग त्यानंतरचा. परचेसवाल्यांनी लिहिलं डिलिव्हरी खर्चाच्या ३ पट महत्त्वाची, खर्च टर्न्सच्या ३ पट, आणि बऱ्याच खाली डिलिव्हरी विरुद्ध टर्न्स फक्त २, जिथे आधीच्या उत्तरांवरून ९ यायला हवं. नुसत्या या तिघांचा मॅट्रिक्स मांडला तरी कन्सिस्टन्सी रेशो (उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत त्याचं माप) ०.२२ येतो आणि चालतो ०.१० पर्यंत. मग शीट परत पाठवा, परत समजावा, परत भरून घ्या. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "कुठला आकडा हवाय ते सांगा, तोच टाकतो." तिथेच माझं मन उडालं, कारण मला त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव हवा होता आणि हातात आला नुसता रेशो पास करायला बसवलेला आकडा.

बेस्ट-वर्स्ट जाफर रझाई यांनी २०१५ मध्ये मांडली. सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा निकष आधी ठरवायचा, बाकीचे फक्त या दोघांशी ताडायचे. १० निकषांना १७ तुलना, १ ते ९ पूर्ण आकडे, एएचपीत उलट्या तुलनेला लागतात ते १/५ वगैरे अपूर्णांक समजावत बसावं लागत नाही. कन्सिस्टन्सी इथेही तपासावीच लागते, पण आमची शीट एकदाच परत गेली आणि गडबड कुठे आहे ते दोन ओळींत दिसलं.

सॉल्व्हर (सगळ्यात जुळणारं वेटेज शोधून देणारं सॉफ्टवेअर) मात्र लागतो, आणि मूळ मॉडेलमध्ये कधीकधी वेटेजची एकाहून जास्त उत्तरं निघतात, त्यामुळे एकच उत्तर देणारं २०१६ चं लिनियर मॉडेलच घ्या. बेस्ट कोणता यावरच प्रॉडक्शन आणि परचेसचं जमत नसेल तर प्रत्येकाकडून वेगळं भरून घ्या, सरासरी नंतर काढा.

निकष ४ असतील तर ६ विरुद्ध ५ तुलना, तिथे हाताला सवयीचं असेल ते वापरा. ७-८ च्या पुढे गेलात आणि भरणारी माणसं शॉपफ्लोअरच्या धावपळीतली असतील तर मला वाटतं बेस्ट-वर्स्टच बरी पडेल.