‘हातरंगाईत असंच असतं’: मेरिनोच्या नावाखाली विकली गेलेली भेसळीची लोकर

हाताने रंगवलेल्या बहुरंगी लोकरीच्या व्यवहारात फसवणाऱ्याला एक सोय आयतीच मिळते. माल कसाही निघाला तरी ‘हातरंगाईत असंच असतं’ हे उत्तर त्याच्याकडे कायम तयार असते, आणि ते निम्मे खरे असल्यामुळे गिऱ्हाईक गप्प बसते. हाताने रंगवलेल्या दोन लड्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत, पहिल्या धुण्यात थोडा रंग जातो, विणताना एखादा रंग एकाच जागी साचून अनपेक्षित पट्टा उमटतो; हे सारे या कामात धरूनच चालायचे असते. मात्र याच सबबीआड वजनातील तूट, न बसवलेला कच्चा रंग आणि धाग्यातील भेसळही खपवली जाते. माझ्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकाच पार्सलमधून आल्या. यातील कोणता दोष हातरंगाईचा आणि कोणता विक्रेत्याच्या दानतीचा, हे घरच्या घरी कसे ओळखता येते ते इतर विणणाऱ्यांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ज्या विक्रेत्याकडून ही खरेदी झाली त्याचे दुकान केवळ समाजमाध्यमावर होते. हिमाचलमधील एका बचतगटातील महिला ही लोकर रंगवतात, असे तो सांगत असे. असे काही घडतच नाही असे नाही. उरुग्वेमध्ये ‘मानोस देल उरुग्वे’ ही ग्रामीण कारागीर स्त्रियांची संस्था १९६८ पासून उभी आहे आणि तिची हाताने रंगवलेली लोकर जगभर विकली जाते. अशी खरी उदाहरणे असल्यामुळेच खोट्या कहाणीवर विश्वास बसतो. आधी मी शालीसाठी बारीक मेरिनोच्या, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीच्या, दोन लड्या मागवल्या. त्या अस्सल होत्या, हे आजही मान्य करते. शाल विणून झाल्यावर भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली तेव्हा जाळीची वीण छान उघडली आणि टाचण्या काढल्यावरही तशीच राहिली. लोकरीचा धागा ओला असताना दिलेला आकार वाळल्यावर धरून ठेवतो. ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, जाळी टाचण्या काढताच पुन्हा आक्रसते.

पहिला माल उत्तम द्यायचा आणि मोठ्या मागणीत हात मारायचा, ही या धंद्याची रीत असल्याचे पुढे उघड झाले. शालीचे छायाचित्र त्याने माझ्याकडून आवर्जून मागून घेतले, ते आपल्या पानावर लावले आणि लगोलग कळवले की मोठ्या मागणीवर सवलत देता येईल. कॅनडात शिकणाऱ्या भाच्यासाठी स्वेटर विणायचा असल्याने मी डीके, म्हणजे शालीच्या धाग्यापेक्षा जाड, मध्यम जाडीच्या लोकरीच्या सहा लड्या मागवल्या. प्रत्येकी १०० ग्रॅम, २२५ मीटर, संपूर्ण मेरिनो, दर लडीला ११५० रुपये. रक्कम आगाऊ आणि यूपीआयने द्यायची होती. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचे नाव दुकानाच्या नावाशी जुळत नव्हते. विचारल्यावर ‘ताई, हे आमच्या हिशेबनीसांचं खातं आहे’ असे उत्तर आले.

पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता हिमाचलचा नव्हता. लडीवरच्या चिठ्ठीवर सुंदर अक्षरांत ‘मेरिनो’ छापले होते, परंतु बनवणाऱ्याचा पत्ता, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना किंवा तक्रारीसाठी संपर्क यांपैकी काहीही नव्हते. बंद वेष्टनातून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर ही माहिती छापणे २०११ च्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार बंधनकारक आहे. चिठ्ठी कोरी असली की माल वाईटच असतो असे नाही, कारण घरून धंदा करणाऱ्या कितीतरी प्रामाणिक बायकांना हे नियम ठाऊकही नसतात. पण भांडायची वेळ आली की या कोऱ्या चिठ्ठीमुळेच आपले हात बांधले जातात.

पहिली शंका आली ती रंग पाहून. गडद जांभळा, मोरपंखी आणि राणी असे तीन रंग जाहिरातीत झळाळत होते. हातातल्या लडीवर मात्र पीठ भुरभुरल्यासारखी फिकट झाक होती. विक्रेत्याने तिला ‘चंदेरी झाक’ असे नाव देऊन तिचे कौतुकही केले होते. खिडकीपाशी बसून मी धाग्याचा पीळ उलगडला, एक पदर वेगळा केला आणि भिंगाखाली धरला. गडद जांभळ्या तंतूंच्या शेजारी अगदी पांढरे, किंचितही रंग न लागलेले तंतू दिसत होते. काही ठिकाणी नव्हे, तर लडीच्या प्रत्येक भागात, जांभळ्यात, मोरपंखीत आणि राणी रंगातही ते सारख्याच प्रमाणात होते.

याचे कारण रंगाच्या रसायनात आहे. लोकर हे प्रथिन आहे. तिच्यासाठी वापरले जाणारे ॲसिड डाय हे रंग व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घातलेल्या पाण्यात उकळीच्या थोडे खाली, साधारण ८५ ते ९५ अंशांवर, अर्धा-पाऊण तास ठेवले की धाग्यात शिरतात आणि भांड्यातले पाणी जवळजवळ नितळ होते. नायलॉनही हे रंग घेते, म्हणून मोज्यांच्या लोकरीतले नायलॉन असे उघडे पडत नाही. ॲक्रिलिकला मात्र वेगळ्या जातीचे रंग लागतात; ॲसिड डायच्या भांड्यात ते पांढरेच राहते. त्यामुळे लोकर आणि ॲक्रिलिकचा मिश्र धागा या भांड्यात घातला की लोकर रंगते, ॲक्रिलिक रंगत नाही आणि वरून पिठूळ झाक दिसते. अशी झाक मुद्दाम आणलेले प्रामाणिक धागेही मिळतात, उदाहरणार्थ व्हिस्कोसचे (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या तंतूचे) तुरे मिसळलेले. पण त्यांच्या चिठ्ठीवर व्हिस्कोसचे प्रमाण छापलेले असते. पांढरे तंतू असणे हा गुन्हा नाही, ते असताना ‘संपूर्ण मेरिनो’ म्हणणे हा आहे.

वजनाचे म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर लडी ८७ ग्रॅम भरली. ‘तुमच्याकडची हवा कोरडी आहे, लोकर हवेतलं पाणी धरते’ असे उत्तर मिळाले. हेही निम्मे खरे आहे. लोकर हवेतला ओलावा भरपूर शोषते आणि तिच्या व्यापारात वजनामागे ओलाव्याची सूट धरण्याची पद्धतच आहे, त्यामुळे पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये एकाच लडीच्या वजनात काही ग्रॅमचा फरक पडू शकतो. हवा कोरडी झाली म्हणून धाग्याची लांबी मात्र घटत नाही. लडीचा घेर मोजला, तो दीड मीटर होता. वेढे मोजले, ते १३० भरले. म्हणजे धागा १९५ मीटर. सांगितलेल्या लांबीपेक्षा तीस मीटर कमी, आणि सहा लड्यांत मिळून १८० मीटर, म्हणजे स्वेटरची जवळजवळ एक बाही. वेढे मोजणे कंटाळवाणे आहे, पण ही अशी एकच तपासणी आहे जिच्यावर विक्रेत्याला हवापाण्याची सबब सांगता येत नाही.

त्यानंतर विणीचा नमुना चौकोन करून कोमट पाण्यात, सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, पांढऱ्या सुती कापडासोबत भिजवला. शालीच्या लोकरीने पहिल्या पाण्यात फिकट गुलाबी रंग सोडला होता आणि नंतरची पाणी स्वच्छ निघाली होती; एवढे हातरंगाईत चालते. या चौकोनाचे प्रत्येक पाणी पहिल्याइतकेच गडद निघत राहिले आणि कापडावर मोरपंखी डाग पक्का बसला. पांढऱ्या तंतूंमुळे येणारा फिकेपणा झाकण्यासाठी लोकरीला पेलवेल त्यापेक्षा जास्त रंग ओतला असावा आणि उष्णता पुरेशी दिलीच नसावी, असा माझा तर्क आहे. ‘ताई, व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवा, रंग बसेल’ हा सल्ला मिळाला. थंड पाण्यातल्या व्हिनेगरने रंग बसत नाही. आम्लाला उष्णतेची जोड लागते. आणि त्या धाग्यात जितकी लोकर होती तिला पेलवेल त्यापेक्षा रंग जास्त असेल, तर उष्णता देऊनही उरलेला सुटणारच.

आता या प्रकरणातला सर्वांत धूर्त भाग सांगते. विक्रेता स्वतःच गिऱ्हाइकांना धागा जाळून पाहायला सांगत असे. ‘केस जळल्यासारखा वास आला तर लोकर अस्सल’ असे त्याच्या पानावर ठळकपणे लिहिलेले होते. मिश्र धाग्यातली लोकर जळताना तो वास येतोच, आणि वास आला की गिऱ्हाईक निश्चिंत होते. खरे पाहायचे असते ते वासानंतरचे. शुद्ध लोकर ज्योतीबाहेर काढली की आपोआप विझते आणि मागे उरलेली काळी राख बोटांत चुरगाळली जाते. ॲक्रिलिक काजळी सोडत भडकते, वितळते आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून मी दोन्ही धागे जाळले. शालीच्या धाग्याची राख झाली. स्वेटरच्या धाग्याचा वास तोच होता, पण टोकाला खडा राहिला आणि तो नखाने फुटेना.

शेवटची तपासणी घरगुती ब्लीचची. ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये लोकर विरघळते, ॲक्रिलिकला काही होत नाही. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि काचेच्या वाटीतच हे करावे. लोकर रंगवणाऱ्यांच्या ओट्यावर व्हिनेगरची बाटली हमखास असते, तिचा थेंबही यात पडू देऊ नये, कारण आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शालीचा उरलेला धागा बघता बघता फेसाळून नाहीसा झाला. स्वेटरच्या धाग्याचा मात्र पांढराशुभ्र, भुसभुशीत सांगाडा वाटीत तरंगत राहिला. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर आधी तोललेल्या पाच ग्रॅम धाग्यापैकी धुऊन, वाळवून २.९ ग्रॅम उरले. प्रयोगशाळेइतकी अचूकता या पद्धतीत नाही, हे उघड आहे. परंतु ज्याला संपूर्ण मेरिनो म्हटले होते त्यातला निम्म्याहून अधिक भाग लोकरीचा नव्हताच, इतके सांगायला ती पुरेशी होती.

ही छायाचित्रे पाठवल्यावर ‘ताई’ हे संबोधन थांबले. काही काळ उत्तरच आले नाही, मग एका अनोळखी क्रमांकावरून ‘रिफंड विभागा’चा दूरध्वनी आला आणि पाठोपाठ एक क्यूआर कोड, जो स्कॅन करून पिन टाकल्यास पैसे परत जमा होतील असे सांगण्यात आले. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी नकार दिला आणि त्याच दिवशी त्या पानावरून मला अडवण्यात आले. माझ्या शालीचे छायाचित्र मात्र तिथे तसेच ठेवलेले होते, असे एका मैत्रिणीने तिच्या खात्यावरून पाहून सांगितले.

तक्रार कुठे करायची याबद्दल बराच गोंधळ असतो. मालाच्या दर्जाबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. क्यूआर कोडसारख्या आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा वेगळा क्रमांक आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवावे तितके बरे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून शंका आली की निदान एक लडी न उलगडता, चिठ्ठीसकट, पार्सलच्या पिशवीत तशीच ठेवावी. सगळ्या लड्यांचे गोळे करून, भिजवून आणि जाळून झाल्यावर तपासायला पाठवायचे काय? तंतूंच्या प्रमाणाचा अहवाल स्वतः मिळवायचा असेल तर ठाण्यातील वूल रिसर्च असोसिएशन ही संस्था लोकरीच्याच चाचण्यांचे काम करते, आणि वस्त्रोद्योग समितीचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे.

माझी तक्रार नोंदवून घेतली गेली आहे. अडचण आहे ती पत्त्याची. नोटीस बजावायला विक्रेत्याचा पत्ता लागतो आणि पार्सलवरच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत आले. सध्या हाताशी आहे तो यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि ज्या खात्यात पैसे गेले ते नाव. खातेदारापर्यंत पोहोचायचे असेल तर तेच दोन धागे आहेत, म्हणून बँकेकडेही लेखी तक्रार दिली आहे. दरम्यान ते पान बंद झाले असून, त्याच छायाचित्रांसह नव्या नावाचे पान सुरू झाले आहे. तिथे आता बचतगट हिमाचलऐवजी उत्तराखंडमधला आहे, दर हजाराच्या आत आणला आहे, आणि डीकेच्या लड्यांच्या वर्णनात ‘चंदेरी झाक’ हे शब्द अजूनही आहेत. मोरपंखी, राणी आणि जांभळ्या रंगाची शाल गुलमोहराखालच्या दगडी कठड्यावर पसरलेली दिसली, तर ते छायाचित्र माझ्या अंगणातले आहे आणि ती शाल ज्या लोकरीची आहे ती लोकर तिथे विकत मिळत नाही.