जुने फोटो लिंक मरण्याआधी वाचवणे: डब्ल्यूगेट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाणे खाडीच्या पक्षीनोंदींची जुनी एक्सेल शीट. ऐरोली, सीवूड्सचा डीपीएस तलाव, तारीख, संख्या आणि शेवटच्या रकान्यात फोटोची लिंक. फोटो मात्र शीटमध्ये नाहीत, ते फुकट्या सर्व्हरवर. फोटोबकेटने २०१७मध्ये बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायचे वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले, टायनीपिक २०१९मध्ये बंदच झालं, इमगूरने २०२३मध्ये खात्याशी न जोडलेले पडीक फोटो काढायला घेतले. उरलेलं उतरवून घ्यायला डब्ल्यूगेट, म्हणजे कमांड देऊन लिंकवरच्या फाइली उतरवणारा प्रोग्राम, उत्तम आहे. पण उतरलेली फाइल म्हणजे फोटो असं धरून चाललात, तर फसलात.

आधी लिंक तपासा. ब्लॉगरच्या लिंकमध्ये 'एस३२०' असेल तर 'एस०' करा, मूळ आकार मिळतो. इमगूरचा कोड पाच किंवा सात अक्षरांचा असतो. सहा किंवा आठ दिसली तर शेवटचं अक्षर छोट्या प्रतीचं, ते काढा. ३२० पिक्सेलमध्ये रोहित पक्ष्याच्या (फ्लेमिंगो) पायातलं ओळखीचं कडं दिसतं, कड्यावरची अक्षरं दिसत नाहीत. मग तो फोटो ठेवून उपयोग काय?

लिंकची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, ओळीला एक. डब्ल्यूगेटचा 'फोर्स डिरेक्टरीज' हा पर्याय चालू ठेवाच, म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात. तो नसेल आणि 'नो क्लॉबर' (असलेली फाइल पुन्हा उतरवू नको) असेल, तर दुसऱ्या सर्व्हरवरची त्याच नावाची फाइल 'आधीच आहे' म्हणून मुकाट वगळली जाते. कॅमेऱ्याने दिलेली नावं सगळीकडे तीच, त्यामुळे हे हमखास होतं. दोन लिंकमध्ये 'वेट' २ सेकंद, सोबत ती वेळ कमी-जास्त करणारा 'रँडम वेट'. सर्व्हरकडून ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला की डब्ल्यूगेट थांबत नाही, सरळ पुढच्या लिंकवर जातो. 'रिट्राय ऑन एचटीटीपी एरर'मध्ये ४२९ लिहा. केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवर अनेक घरांना मिळून एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) असेल, तर आपली चूक नसतानाही ४२९ खावा लागतो. ४०३ (परवानगी नाही) आला तर 'रेफरर'मध्ये मूळ पानाचा पत्ता देऊन बघा.

आता खरी गोम. फोटो हटवल्यावर प्रत्येक सर्व्हर ४०४ (सापडलं नाही) देतोच असं नाही. काही सर्व्हर 'फोटो उपलब्ध नाही' अशी पाटी असलेल्या चित्राकडे वळवतात आणि उत्तर देतात २००, म्हणजे सगळं ठीक. लॉगमध्ये सगळं आलबेल, फोल्डरमध्ये पाट्यांचा ढीग. म्हणून सगळ्या फाइलींचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुराचा ठसा, काढून क्रमाने लावा. वेगवेगळ्या लिंकवरून आलेल्या फाइलींचा हॅश एकच असेल, तर त्यातली एक उघडून बघा, बहुतेक पाटीच निघेल. जेपीजी नावाखाली दडलेलं एचटीएमएल (वेबपान) 'फाइल' नावाची कमांड पकडते. अर्धवट उतरलेला फोटो मात्र तिला चकवतो, कारण फाइलची सुरुवात ठीक असते. खालचा भाग राखाडी दिसतो. त्याला जेपीजी तपासणारं 'जेपीईजीइन्फो' हवं.

मेलेल्या लिंकसाठी वेबॅक मशीन, म्हणजे वेबवरच्या जुन्या पानांच्या प्रती जपणारं संकेतस्थळ. तिथल्या पत्त्यात वर्षाच्या लगेच नंतर 'आयडी_' जोडलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते. फोटोबकेटसाठी २०१६ मागा. तरी वेबॅक जवळच्या तारखेची प्रत देतं, आणि ती नंतरची असली तर तिथेही पाटीच जपलेली असते! हॅश पुन्हा काढा.

शीटमध्ये नवं फाइलनाव, हॅश आणि उतरवल्याची तारीख असे तीन रकाने वाढवा. जुन्या लिंकचा रकाना पुसू नका. वेबॅकमध्ये शोधायला तोच पत्ता लागतो.